लाईट गेल्यावर कुठली फाईलसिस्टीम तगते? विंडोज, मॅक की लिनक्स?

सातारकर_फोटोवाला:
मंडळी, लग्नाच्या फोटोंचं काम आहे, दुकानात विंडोज, घरी लिनक्स मिंट आणि अल्बम करणाऱ्या मित्राकडे मॅक, त्यामुळे २ टीबीची एकच एक्सटर्नल डिस्क तिन्हीकडे फिरते, एक्सफॅट या फाईलसिस्टीममध्ये (फाईलसिस्टीम म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवायची पद्धत) फॉरमॅट केलेली. परवा कॉपी चालू असताना लाईट गेली आणि हळदीचा अख्खा फोल्डर खलास, फाईलच्या नावांच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं. कार्डावर ओरिजिनल होते म्हणून निभावलं. आता विंडोजची एनटीएफएस करू, लिनक्सची एक्स्ट४ करू की मॅकची एपीएफएस? स्टेबल नक्की कोण?

टर्मिनल_तात्या:
एक्सफॅटला जर्नलच नाही हो. म्हणजे बदल करायच्या आधी कुठे नोंद होत नाही, त्यात फॅट टेबल (कुठली फाईल डिस्कवर कुठे आहे त्याची यादी) पण साधारण एकच, जुन्या फॅट३२ ला निदान दोन असायची. एनटीएफएसला १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ पासून लॉग, म्हणजे असाच जर्नल आहे, एक्स्ट४ ला पण जर्नल आहे. पण दोन्हीकडे नेहमीच्या सेटिंगला जर्नलमध्ये फक्त मेटाडेटा (फाईलचं नाव, जागा वगैरे माहिती) जातो, म्हणजे फोल्डरची रचना वाचते, त्या क्षणी लिहिला जात असलेला फोटो वाचेलच असं नाही. २००९ मध्ये एक्स्ट४ वर मशीन क्रॅश झालं की केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फायली शून्य बाइटच्या होऊन बसायच्या, काय गोंधळ झाला होता तेव्हा, मग लिनक्सच्या कर्नल (गाभा) २.६.३० मध्ये त्यावर इलाज आला.

मनी_कोथरूड:
तात्या बरोबर, पण दादांना तिन्हीकडे लिहायचंय ना. मॅक एनटीएफएस नुसतं वाचतो, लिहायला वेगळं सॉफ्टवेअर घ्या. एक्स्ट४ तर विंडोज आणि मॅक दोघांनाही आपसूक दिसत नाही. एपीएफएस कॉपी-ऑन-राईट आहे (जुन्यावर न लिहिता बदल नव्या जागी लिहिते) त्यामुळे लाईट जाण्याला बऱ्यापैकी पुरून उरते, पण तिचा चेकसम (डेटा बदलला का ते ओळखायचा आकडा) फक्त मेटाडेटाला, फोटोतला एखादा बिट सडला तर ती गप्प. ते पकडतात झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाईलसिस्टीम (बीटीआरएफएसवर रेड ५ किंवा ६, म्हणजे अनेक डिस्क जोडून एक करायची पद्धत, मात्र नको, ते अजून भरवशाचं नाही). माझं मत, फिरती डिस्क एक्सफॅटच ठेवा पण तिच्यावर एकुलती एक कॉपी कधीच नको, मेन साठा घरच्या मिंटवर बीटीआरएफएसमध्ये ठेवा आणि अधूनमधून स्क्रब (सगळा डेटा वाचून चेकसमशी ताडून बघणं) चालवा.

सातारकर_फोटोवाला:
बीटीआरएफएस घरी करून बघतो. विंडोजवर दर वेळी सेफली रिमूव्ह करावंच लागतं का, माझा पोरगा सरळ उपटतो.

टर्मिनल_तात्या:
करावंच. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून क्विक रिमूव्हल (सेफली रिमूव्ह न करता डिस्क काढता यावी अशी सेटिंग) बायडिफॉल्ट असलं तरी कॉपी चालू असताना ओढली तर देव पण वाचवणार नाही. मिंटवर तर कॉपीचा बार १०० टक्के झाला तरी डेटा रॅममध्येच असू शकतो, तिथे टर्मिनलला सिंक (sync, रॅममधला डेटा डिस्कवर लिहायची कमांड) मारा आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत डिस्कला हात लावू नका. आणि दुकानात आधी यूपीएस घ्या राव.