मदत हवी आहे: घरात काढलेल्या फोटोंवर काळे पट्टे

अंगणवेल:
घरात फोनने फोटो काढले की आडवे काळे पट्टे येतात. बाहेर सगळं ठीक. कॅमेरा बिघडला का? शनिवारी मुलांचा नाच आहे, लवकर सांगा. लेन्स पुसून झाली आहे.

त्रिपाद:
दिवे कुठले? ऑटो की प्रो (सगळं हाताने ठरवायचा) मोड? शटर, म्हणजे एका फोटोसाठी उजेड घ्यायचा वेळ, किती? एवढं तरी लिहा.

रीळवाला:
लेन्सवर चिकटवलेली संरक्षक काच काढून बघा. दोन काचांमध्ये उजेड परावर्तित होतो.

त्रिपाद:
त्याने फोटो धुरकट होतो, दिव्यांचे ठिपके दुहेरी दिसतात. पट्टे येत नाहीत.

अंगणवेल:
एलईडी. प्रो, शटर १/५०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००. ऑटोवर हातपाय पुसट येतात म्हणून शटरचा वेग वाढवला.

कवडसा:
मग कॅमेरा धडधाकट आहे. वीज ५० हर्ट्झची असेल तर साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो. १/५०० ला काही ओळींच्या वाट्याला दिव्याचा उजळ क्षण येतो, काहींच्या मंद. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला पूर्ण आवर्तन मिळेल. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/१२० किंवा १/६०. १/१०० ला पाचपट उजेड मिळतो, त्यामुळे आयएसओ ६४० पुरेल आणि दाणेही (फोटोतले खरखरीत ठिपके) घटतील.

झूमकर:
एवढा खटाटोप कशाला? नाइट मोड लावा, फोन तिपाईवर ठेवा.

त्रिपाद:
नाचणाऱ्या मुलांना नाइट मोड? तो अनेक फ्रेम एकत्र जोडतो, हलणाऱ्या माणसाचं भूत होतं. तिपाईने आपला हात स्थिर होतो, समोरचं मूल नाही.

झूमकर:
नवे फोन हलणारा भाग ओळखून एकाच फ्रेममधून घेतात.

त्रिपाद:
घेतात, पण तेवढ्याच भागात दाणे उमटतात. चेहऱ्यावर ते लगेच कळतं.

अंगणवेल:
१/१०० ने पट्टे गेले! पण हात अजून पुसट.

कवडसा:
१/१०० ला वेगाने फिरणारा हात पुसट येणारच. उडी सर्वांत वर पोचते किंवा गिरकी संपून मुद्रा स्थिरावते, तो क्षण पकडा. बर्स्ट (सलग भराभर फोटो) चालू ठेवा. १/२५० च हवं असेल तर न लुकलुकणारा दिवा लागेल. तपासायला शटर १/१००० करा आणि एकेक दिवा लावून पांढऱ्या भिंतीकडे फोन रोखा. पडद्यावर पट्टे सरकले तर तो दिवा बाद. डिमर (उजेड कमीजास्त करायचं बटण) असेल तर पूर्ण उघडा, मंद केल्यावर बरेच एलईडी जास्त लुकलुकतात. निवडलेला दिवा मुलांच्या निम्म्या अंतरावर आणलात तर उजेड जवळपास चौपट होतो. आणि मुख्य १एक्स लेन्सच वापरा. टेलीचं (दूरचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सचं) छिद्र बहुधा लहान असतं, उजेड कमी येतो.

पाकोळी:
व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दर्जा टिकतो.

त्रिपाद:
ते कोणी विचारलंय? अंगणवेल, नाच दिवसा आहे की रात्री?

अंगणवेल:
दुपारी चारला. मोठी खिडकी आहे.

कवडसा:
हे आधी सांगायचं! दिवे सगळे बंद. मुलं खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, तुम्ही खिडकीकडे पाठ करून किंचित बाजूला. शटर १/२५०, आयएसओ ८०० पासून सुरू करा. काळोखी वाटली तर आयएसओ वाढवा, शटरला हात लावू नका.