परत आलेल्या जुन्या लॅपटॉपमधील रॅम बदललेली निघाली, तर काय करावे?

प्रश्न (ग्रँट रोड): लॅमिंग्टन रोडवरील आमच्या दुकानातून आम्ही वापरलेले लॅपटॉप आणि मोबाइल ऑनलाइनही विकतो. 'सुरू होत नाही' या तक्रारीसह परत आलेला एक लॅपटॉप उघडला असता १६ जीबीऐवजी ८ जीबीची रॅम आढळली. अशा वेळी कोणता पुरावा ग्राह्य धरला जातो, आणि बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे छापल्यास पुरते का?

उत्तर (ठाणे): छापील वाक्याच्या भरवशावर राहू नये. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन बाजारपेठेवरील विक्रेत्याला, माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या वैशिष्ट्यांशी जुळत नसेल तर, तो परत घेण्यास नकार देता येत नाही. त्यामुळे खरी मदार वर्णनावर असते. 'उत्तम स्थितीत' असे मोघम लिहिण्यापेक्षा बॅटरीची सायकल संख्या (ती पूर्ण चार्ज होऊन वापरली गेल्याच्या फेऱ्या), बिजागरीचा सैलपणा, पडद्यावरील डाग आणि चार्जर मूळ कंपनीचा आहे की नाही, हे फोटोंसह नोंदवावे. जे आधीच सांगितले, त्यावरून 'वर्णनाशी जुळत नाही' अशी तक्रार टिकणे कठीण.

उत्तर (बोरिवली): वरील मत योग्य आहे, पण सुटे भाग बदलण्याच्या प्रकाराला ते पुरणार नाही. रॅम आणि एसएसडी (माहिती साठवणारा भाग) यांच्या लेबलवर स्वतंत्र अनुक्रमांक असतात. त्यांचे फोटो काढावेत आणि मागचे झाकण लावण्यापासून खोका चिकटपट्टीने बंद होईपर्यंतचे चित्रीकरण मध्ये न थांबवता करावे. परत आलेला खोकाही कॅमेऱ्यासमोरच उघडावा, कारण एका बाजूचेच चित्रीकरण असेल तर अदलाबदल आपल्याच दुकानात झाली असा उलट आरोप सहज होतो. मोबाइलच्या बाबतीत *#०६# वापरून आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) जुळवावा. ग्राहकाने आपले गूगल किंवा ॲपल खाते काढले आहे का, हेही पैसे परत करण्याआधी पाहावे. ते राहून गेले तर फोन कुलूपबंदच राहतो आणि पैसे मिळालेला ग्राहक मग फोन उचलत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. स्क्रूवर सील लावले आणि ते फाटलेले आढळले, तर परतावा नाकारता येईल का?

उत्तर (ठाणे): केवळ तेवढ्यावरून नाकारू नये, असे माझे मत आहे. फाटलेले सील झाकण उघडले गेल्याचे दाखवते, रॅम बदलल्याचे नव्हे. अनुक्रमांक जुळत नसल्याचे फोटो आणि दोन्ही वेळचे चित्रीकरण जोडून, परताव्यासाठी बाजारपेठेने ठरवलेल्या मुदतीतच लेखी हरकत नोंदवावी.