तिसरीनंतर चित्रपुस्तक नको, असं कोण म्हणतं?

पानवाचक: प्राथमिक वर्गासाठी माझी शिफारस. चित्रपुस्तकं दुसरीपर्यंतच ठेवा. तिसरीपासून भरपूर मजकुराची पुस्तकं द्या, नाहीतर मुलं नुसती चित्रं बघून पानं उलटतात. शब्दच नसलेली पुस्तकं तर वर्गात नकोतच. त्यात वाचायचं काय?

तिसरीची बाई: कालपासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहिते. वर्गात एक मुलगा होता. प्रकट वाचनाची पाळी आली की त्याच्या पोटात दुखायचं. त्याच्या हातात शब्द नसलेलं पुस्तक दिलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लपलेलं मांजर त्यानेच शोधलं, मला वर्षभर दिसलं नव्हतं. मग त्या मांजराच्या बाजूने त्याने अख्खी गोष्ट सांगितली. हे वाचन नाही?

मॉरिस सेंडॅकचं १९६३ सालचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ घ्या. मूळ इंग्रजीत जेमतेम ३३८ शब्द. गोष्टीतल्या मॅक्स या मुलाच्या खोलीतलं रान जसं वाढतं तसं चित्र पानभर पसरत जातं, आणि ऐन धुडगुसात तीन जोडपानांवर एकही शब्द उरत नाही. शेवटच्या पानावर उलट, चित्र नाही, फक्त शब्द. चित्राभोवतीची पांढरी जागा कमी होतेय हे माझ्या वर्गाने पट्टी लावून मोजलं. दुसरीतल्या मुलांना हे दाखवून द्यावं लागतं, तिसरी-चौथीतली आपणहून पकडतात.

पानवाचक: बाई, एका मुलावरून नियम करू नका. माझी मुलगी चौथीपर्यंत चित्रांतच रमली. पाचवीत सलग मजकुराचं पान समोर आलं तेव्हा रडली. ते वर्ष आम्ही कसं काढलं ते आम्हालाच माहीत.

कीटकवेडा: वयाचं नंतर बघा, आधी पुस्तकातलं विज्ञान तपासा. एरिक कार्लचं १९६९चं भुकेल्या अळीचं चित्रपुस्तक जो तो सुचवतो. त्यात अळी स्वतःभोवती घर विणते, त्याला मूळ इंग्रजीत ‘ककून’ म्हटलंय, आणि त्यातून फुलपाखरू निघतं. रेशमी ककून विणतात ते बहुतेक पतंग. फुलपाखराचा कोश सहसा उघडाच लटकतो, त्याला ‘क्रिसॅलिस’ म्हणतात. माझी भाची मलाच खोटं ठरवत होती, कारण पुस्तकात छापलंय!

तिसरीची बाई: मराठीत दोन्हीला कोशच म्हणतो की आपण.

कीटकवेडा: म्हणून तर जास्त काळजी घ्यायची! आणि केस नसलेल्या अळीला सरसकट सुरवंट म्हणणं थांबवा.

गोष्टवाली: अहो, पानाला पाडलेल्या भोकांत बोट घालत पोरं फळं मोजतात, एक ते पाच. वार पाठ होतात. एका शब्दापायी ते पुस्तक काढून टाकायचं?

कीटकवेडा: काढा असं मी कुठे म्हटलं? माझ्या तोंडी शब्द घालू नका. चूक शिकवायची आणि वर गोड मानून घ्यायची, हे मला पटत नाही.

पानवाचक: इथे पुस्तकं कोणत्या इयत्तेला द्यायची हा प्रश्न होता. अळीचं काय घेऊन बसलात?

कपाटाची किल्ली: इयत्ता कुठलीही असो, पुस्तकं फाटतील म्हणून कुलपात असतात. मी ग्रंथालय सांभाळते. पाहणीच्या दिवशी टेबलावर मांडायची आणि संध्याकाळी मोजून परत ठेवायची, असं एका शाळेत मी पाच वर्षं केलंय. आजही लाज वाटते. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं, एका तासात दोनदा वाचून होतं. फाटलं तर चिकटवू, पण हाताळू तर द्या.

पानवाचक: कुलपाचं शंभर टक्के पटलं. चित्रपुस्तकं चौथीपर्यंत ठेवा, ‘दुसरीपर्यंतच’ हे मागे घेतो, पण सोबत मजकुराचं एक पुस्तक हवंच. शब्द नसलेल्यांचं मात्र मुलाने त्यावर काही लिहिलं तरच मानेन.

तिसरीची बाई: त्याने लिहिलंय. अकरा ओळी, निम्मी जोडाक्षरं चुकलेली. वही अजून माझ्याकडे आहे. मजकुराचं पुस्तक सोबत हवं, हे मलाही मान्य. कीटकवेडा, अळीचं पुस्तक वर्गात राहणार, पण शेजारी दोन्ही कोशांची चित्रं लावते.

कीटकवेडा: लावा. खाली नावंही लिहा.