रोमकरांस 3:28 आणि याकोब 2:24 : तरुण संघात हा अभ्यास कसा घ्यावा?

शोधक
सलाम. मंडळीच्या तरुण संघात पाऊण तासाचा अभ्यास घ्यायचा आहे, विषय तारण आणि विश्वास. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो, माणूस नियमशास्त्रातल्या (मोशेद्वारे यहूद्यांना दिलेल्या नियमांतल्या) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो. याकोब आपल्या पत्रात म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे, क्रियांनी. 'दोघे परस्परपूरक आहेत' एवढ्यावर मुलांचे समाधान होत नाही, आणि त्यांचे बरोबरच आहे. सुरुवात कुठून करावी? शिवाय काही जण विश्वासात नवीन आहेत. त्यांचा प्रश्न वेगळाच असतो : 'विश्वास ठेवला, आता मी कोण?' तो यातच घ्यावा का?

बिरुयाकर
सुरुवात या दोन पत्रांपासून करू नका, बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून करा. पौल आणि याकोब दोघेही एकच वचन पुढे करतात : उत्पत्ती 15:6, अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व असे गणले गेले. फरक आहे तो अब्राहामाच्या आयुष्यात कोण कुठे उभा राहतो याचा.

फळ्यावर एक आडवी रेघ ओढा आणि मुलांनाच वचने काढून वयाचे आकडे लिहू द्या. हारान शहर सोडले तेव्हा अब्राम (अब्राहामाचे आधीचे नाव) 75 वर्षांचा (12:4). मुलगा इश्माएल झाला तेव्हा 86 (16:16). सुंता झाली तेव्हा 99 (17:24). दुसरा मुलगा इसहाक झाला तेव्हा 100 (21:5). अध्याय 15 इश्माएलच्या जन्माआधीचा, म्हणजे नीतिमान गणला जाणे आणि सुंता यांत किमान 13 वर्षे गेली. रोम 4:10 मध्ये पौल नेमके हेच विचारतो : कधी गणले गेले, सुंतेनंतर की आधी? त्याचा सगळा युक्तिवाद या क्रमावर उभा आहे : सुंता नसतानाच अब्राहाम नीतिमान गणला गेला.

याकोब रेघेच्या दुसऱ्या टोकाला आहे, उत्पत्ती 22 मध्ये, जिथे अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून इसहाकाला वेदीवर अर्पण करायला निघतो. तिथे इसहाक होमाची लाकडे वाहून नेण्याइतका मोठा झालेला आहे. 15:6 चे वचन तिथे 'पूर्ण झाले' असे याकोब म्हणतो. अब्राहामाचे देवाशी नाते वेदीपाशी सुरू झाले असे त्याचे म्हणणे नाही. जे आधी गणले गेले होते ते तिथे खरे ठरले, एवढेच तो सांगतो.

आता शब्द बघा. आपल्या प्रचलित भाषांतरात रोममध्ये 'कर्मे' आहे, याकोबात 'क्रिया'. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे 'एर्गोन' हाच शब्द. त्यामुळे 'शब्दच वेगळे आहेत' असे सांगून सुटू नका. कुणी ग्रीक उघडून पाहिले की ते कोसळते. पौल 'नियमशास्त्रातली कर्मे' म्हणतो, आणि पुढच्याच दोन वचनांत यहूदी आणि परराष्ट्रीय (यहूदी नसलेले) यांचा विषय काढतो. याकोबाचे उदाहरण आहे उघड्या, उपाशी भावाबहिणीला 'ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणून रिकाम्या हाताने पाठवण्याचे (2:15-16). 'विश्वास' शब्दालाही हेच लागू. 2:19 मधला विश्वास भुतांचाही आहे : देव एक आहे हे त्यांना मान्य आहे आणि ती थरथर कापतात. तसल्या मान्यतेने कोणी नीतिमान ठरतो, असे पौलाने कुठेही म्हटलेले नाही.

वेळेचे म्हणाल तर रेघेला 20 मिनिटे, याकोब 2:14-26 ला 15, उरलेली 10 इफिस 2:8-10 ला. इथे हमखास होणारी चूक म्हणजे 9 व्या वचनावर, 'कर्मे केल्याने नाही' इथेच, थांबणे. 10 वे सोडले की सत्कृत्ये कुठे बसतात तेच मुलांना कळत नाही : ती तारणाचे कारण नाहीत, ज्यासाठी आपल्याला घडवले ते काम आहे.

ओवीकार
वरच्या मांडणीशी सहमत. एक अडचण मात्र मराठीचीच आहे. नवीन माणसाने 'तारण' शब्द बँकेत ऐकलेला असतो : सोने तारण कर्ज. मग त्याला वाटते, देवाकडे काहीतरी गहाण आहे आणि हप्ते फेडून सोडवायचे आहे. पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाका की इथले तारण 'तारणे' मधले आहे, बुडणाऱ्याला वर काढणे. 'खंडणी' चेही तसेच (मार्क 10:45). वर्तमानपत्रातली खंडणी गुंड उकळतो; मूळ 'लुट्रोन' म्हणजे गुलामाला किंवा बंदिवानाला सोडवण्यासाठी दिलेली किंमत. ती कोणाला दिली हे ते वचन सांगत नाही, तेव्हा आपणही पदरचे सांगू नये.

याउलट इफिस 1:14 मधला 'विसार' आपल्या भाषेत जितका लख्ख कळतो तितका फार थोड्या भाषांत कळत असेल. घराचा व्यवहार ठरला की घेणारा विसार देतो, पावती होते. विसार हा किमतीचाच भाग, आणि उरलेली रक्कम देण्याची जबाबदारी विसार देणाऱ्यावर. इथे पवित्र आत्मा हा विसार आणि देणारा देव आहे. म्हणजे व्यवहार पुरा करण्याची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली आहे. 'माझे तारण टिकेल का' या भीतीवर मी हेच वचन आधी उघडीन.

शोधक
विसाराचे फारच उपयोगी. मग 'मी कोण' हा प्रश्न याच बैठकीत जोडू?

बिरुयाकर
नको, पाऊण तासात दोन्ही मावणार नाहीत. पुढच्या आठवड्यात इफिस 1:3-14 घ्या. मूळ ग्रीकमध्ये ते सगळे एकच लांब वाक्य आहे. प्रत्येकाला पेन्सिल द्या आणि 'ख्रिस्ताच्या ठायी', 'त्याच्या ठायी' जिथे जिथे येईल तिथे खूण करायला सांगा. मग विचारा, या खुणांजवळची क्रियापदे कोणाची? निवडले, नेमले, दिले : सगळी देवाची. आपल्या वाट्याला 12-13 मध्ये आशा धरणे, ऐकणे आणि विश्वास ठेवणे आले आहे.

ओवीकार
त्याला 1 करिंथ 7:18-20 जोडा. नवीन विश्वासणाऱ्याला अनेकदा वाटते की नाव, भाषा, गाणे सगळे टाकल्याशिवाय आपण खरे ख्रिस्ती होत नाही. पौल सुंता झालेल्याला सांगतो, ती लपवू नको. न झालेल्याला सांगतो, करून घेऊ नको. गलती 3:28 ('यहूदी व हेल्लेणी हा भेदच नाही') एकटे वाचले तर सगळे वेगळेपण पुसले गेल्यासारखे वाटते, म्हणून दोन्ही उतारे एकाच बैठकीत हवेत. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगातूनच ख्रिस्ताला आळवले. त्यांचे एखादे पद सुरुवातीला गायले तर हा मुद्दा अर्धा तिथेच पोचतो. मूर्तीला वाहिलेल्या नैवेद्याचा प्रश्न कोणी ना कोणी काढेलच. तो 1 करिंथ 8 ते 10 मध्ये सविस्तर आहे, त्याला स्वतंत्र बैठक ठेवा.