वणव्याच्या हंगामात वनविभागाच्या नियंत्रण कक्षात काम: कुणाला अनुभव आहे का?

सागपान:
नमस्कार. मी किनवट तालुक्यातला. बी.ए. झालंय, वनरक्षक भरतीची तयारी चालू आहे. वणव्याच्या हंगामापुरतं, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, नियंत्रण कक्षात फोनवर बसायचं काम मिळतंय. कंत्राटी आहे. वडील म्हणतात, फोनच उचलायचा तर त्यात शिकण्यासारखं काय, त्यापेक्षा ग्राउंडवर पळ. हे काम नेमकं काय असतं? फोन आल्यावर पुढं काय करायचं? कुणी केलं असेल तर जरा सविस्तर सांगा.

सातमाळा:
दादा, काम घ्या. मी कन्नडच्या बाजूची. गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या भोवतालच्या गावांचे फोन घेते. बरेच उन्हाळे याच टेबलावर गेलेत.

यातलं सगळ्यात अवघड म्हणजे आगीची जागा. फोन येतो, "मॅडम, डोंगर पेटला." कोणता डोंगर? "महादेवाच्या देवळावरचा." आमच्या भागात महादेवाचं देऊळ नसलेलं गाव दाखवा! आणि कन्नड घाटात उभा राहून बोलणाऱ्याला समोरचा उतार छत्रपती संभाजीनगरचा की जळगावचा, हे माहीत नसतं. त्याला ते माहीत असायची गरजही नाही. शोधायचं काम आपलं.

म्हणून मी आधी आगीचं विचारतच नाही. तुम्ही आत्ता कुठं उभे आहात? गावाचं नाव काय? सूर्य तोंडावर आहे की पाठीवर? उजव्या हाताला काय दिसतंय, पाझर तलाव, टॉवर, वीटभट्टी? धूर कुठल्या अंगाला झुकतोय? आग डोंगराच्या पायथ्याला आहे की माथ्याला? एवढं कळलं की भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवता येतं आणि कोणत्या बीटच्या, म्हणजे एका वनरक्षकाकडं असलेल्या जंगलाच्या तुकड्याच्या, गार्डला उठवायचं ते ठरतं. पायथ्याला असेल तर घाई जास्त, कारण आग चढाला पळते. उतार 10 अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. माथ्यावरून खाली उतरणारी आग त्या मानानं सावकाश येते.

कॉल करणाऱ्याचं नाव पहिल्यांदा विचारू नका. हे मी नव्या प्रत्येकाला सांगते. नाव विचारलं की माणूस बिचकतो. त्याला वाटतं, केस आपल्याच अंगावर येणार. बऱ्याचदा आग शेजाऱ्याच्या बांधावरून किंवा पेटवलेल्या पऱ्हाट्यांतून रानात गेलेली असते, आणि गावात राहून शेजाऱ्याचं नाव कोण घेणार? आधी जागा, मग नंबर, नाव सगळ्यात शेवटी आणि तेही त्यानं दिलं तर. पोरांनो, त्यानं फोन केला हेच खूप आहे.

दुसरं म्हणजे सॅटेलाइटचे अलर्ट. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाइलवर मेसेज येतो, अक्षांश-रेखांशासकट. नवे लोक त्या ठिपक्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. व्हीआयआरएस म्हणजे उपग्रहावरचं आग टिपणारं यंत्र. त्याचा एक ठिपका म्हणजे 375 मीटर लांब-रुंद चौकोन, जवळपास 35 एकर. मोडिस नावाच्या जुन्या यंत्राचा तर एक किलोमीटरचा. आग त्या चौकोनात कुठंही असू शकते, मधोमधच असेल असं नाही. शिवाय व्हीआयआरएसचा उपग्रह आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास जातो. चार वाजता कुणी गवत पेटवलं तर त्याला ते मध्यरात्रीनंतरच दिसणार. तोवर गुराख्याचा फोन हाच आपला सॅटेलाइट. म्हणून ज्या गावातनं फोन येतात त्या गावाशी नातं ठेवा. आग विझल्यावर उलटा फोन करून सांगा, "भाऊ, विझली, तुमच्यामुळं वेळेत कळलं." पुढच्या वेळी तो माणूस धूर दिसताक्षणी कळवतो.

आणि वेळ लिहायला विसरू नका. फोन कधी आला, गार्डला कधी कळवलं, टीम कधी निघाली, कधी पोचली. पुढं वनगुन्ह्याचा पीओआर, म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवाल, फाडला जातो, तेव्हा सगळे तुमच्याच नोंदवहीकडं बघतात.

पैनगंगाकाठ:
मी फायर वॉचर, तुमच्याच पट्ट्यातला. ताईंनी खरं सांगितलं. आमच्या बाजूनं एवढंच सांगतो. तुम्ही तिथं खुर्चीवर असाल, आम्ही खाली नाल्यात. नाल्यात ना मोबाइलला रेंज, ना वॉकीला. म्हणून आमच्यातला एक जण कायम डोंगराच्या धारेवर उभा असतो, तो आमचं ऐकून तुम्हाला सांगतो. त्याच्यावर ओरडू नका. उत्तर यायला वेळ लागला तर तो खाली हाका मारत असतो.

इकडं मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो. फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात आणि तीच आग रानात जाते. मग तेंदूपानांचं येतं. हे बंद व्हायला पाहिजे, पण ज्याचं पोट त्या फुलांवर आहे त्याला नुसती दटावणी करून होत नाही. आमच्याकडं काही झाडांखाली पाला जाळायच्या ऐवजी झाडून घेतात. तसं जास्त लोकांनी करावं असं मनापासून वाटतं.

अजून एक. आम्ही ब्लोअर घेऊन पाला मागं ढकलत जातो तेव्हा वाऱ्याकडं बघायला सवड नसते. वारा फिरला तर तुम्ही सांगा. दिवसा तो चढानं वर जातो, दिवस मावळला की उलटा खाली उतरतो. त्या मधल्या वेळेत कामाला लागलेली पोरं नेमकी आगीच्या पुढं असतात.

उदगीरकर:
आमचा चुलतभाऊ अमेरिकेत, आयडाहो राज्यात आहे. तिकडं या कामाला डिस्पॅचर म्हणतात आणि त्याची पूर्ण उतरंड आहे. खाली स्थानिक केंद्र, त्याच्यावर देशाचे 10 विभाग, आणि सगळ्यात वर बॉईसी शहरातलं राष्ट्रीय केंद्र. स्थानिक केंद्राकडची माणसं आणि गाड्या कमी पडल्या की मागणी विभागाकडं जाते, तिथंही नसेल तर बॉईसीला. हेलिकॉप्टरपासून जेवणाच्या सोयीपर्यंत सगळं मागणी नोंदवून मिळतं. आपल्याकडं असं काही आहे का?

सागपान:
सगळ्यांचे आभार. पैनगंगाकाठ दादा, तुमचं वाचून वडिलांनाही दाखवलं. ताई, अजून दोन प्रश्न. रात्री एकट्यानं बसल्यावर टीमचा आवाज यायचा बंद झाला तर काय करायचं? आणि लोक नेमक्या कोणत्या नंबरवर फोन करतात?

सातमाळा:
नंबरचं आधी. वनविभागाचा 1926 आहे, हॅलो फॉरेस्ट. पण घाबरलेला माणूस 112 लावतो, 101 लावतो, नाहीतर ओळखीच्या गार्डला किंवा सरपंचाला. म्हणून तालुक्याचं पोलीस ठाणं आणि अग्निशमनचा नंबर टेबलावर लिहून ठेवा. अग्निशमनची गाडी डोंगरावर चढत नाही, हे खरं. पण आग गावाकडं उतरत असेल तर ती वस्तीच्या कडेला उभी करून घ्या, गोठे आणि कडब्याच्या गंजी वाचतात.

उदगीरकर दादा, एवढी उतरंड आपल्याकडं नाही. बीट, राउंड, रेंज, डिव्हिजन अशी रचना आहे, पण प्रत्यक्षात शेजारच्या रेंजला फोन करून "तुमची किती माणसं मोकळी आहेत" हे आपणच विचारायचं. त्यासाठी त्या दिवशी कोण कुठं आहे ते सकाळीच माहीत पाहिजे. कोण रजेवर, कोणाची गाडी बंद, कोणता ब्लोअर दुरुस्तीला. आग लागल्यावर हे विचारत बसलं की तिथंच वेळ जातो. मला विचाराल तर आपल्याकडंही प्रत्येक डिव्हिजनला वर्षभर बसणारा, शिकवलेला माणूस हवा. हंगामापुरता नवा चेहरा आणला की भागाची ओळख व्हायलाच एप्रिल उजाडतो.

आता आवाज बंद झाला तर. टीम निघताना तीन गोष्टी लिहून घ्या: किती जण गेले, सगळ्यांची नावं, आणि परत यायची वाट कोणती ठरली आहे. जळून काळी झालेली जागा सगळ्यात सुरक्षित, तिकडं मागं सरता येईल का, हे निघण्याआधीच विचारा. अंगात सुती कपडे आहेत ना, तेही विचारा. नायलॉन अंगाला चिकटतं. मग दर अर्ध्या तासानं हाक द्यायची वेळ ठरवा. ठरलेल्या वेळी उत्तर नाही आलं तर आधी धारेवरच्या माणसाला विचारा, मग दुसऱ्या बाजूच्या टीमला. तरी नाही मिळालं तर आरएफओ साहेबांना, म्हणजे रेंजच्या मुख्य अधिकाऱ्यांना, उठवा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. ते रागावले तर रागावू देत. माणसं कुठं आहेत ते कळेपर्यंत खुर्ची सोडायची नाही.

आग विझली असा निरोप आला म्हणजे तुमचं काम संपलं असं समजू नका. सगळे गाडीत बसले का, मोजून नावं घ्यायला सांगा. सालईचं किंवा सागाचं वाळकं खोड आतून धुमसत राहतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्यानं पुन्हा पेटतं, म्हणून सकाळी कोण बघायला जाणार त्याचंही नाव वहीत लिहा.

पळायचं सोडू नका. पहाटे सराव आणि दुपारची पाळी, असं मागून घ्या. मिळते. रुजू झालात की पहिल्या आठवड्यात रजेच्या दिवशी गार्डबरोबर दोन-तीन बीट पायी फिरून या. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेला पट्टा, कुठून कुठं गेलीय, पाणवठे कुठं आहेत, गाडी कुठवर जाते, हे पायाला कळलं की फोनवरचा माणूस काय सांगतोय ते लगेच ध्यानात येतं. काही अडलं तर इथंच विचारा.