बंद पडलेली जिनिंग-प्रेसिंग घेऊन धान्याचे गोदाम करावे का?

प्रश्न : संचालक, शेतकरी उत्पादक कंपनी, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. आमच्या कंपनीकडे सोयाबीन आणि तूर साठवायला स्वतःची जागा नाही, त्यामुळे काढणी होताच, भाव पडलेले असतानाच, सभासदांना माल विकावा लागतो. तालुक्याच्या गावाला लागून असलेली एक जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना, बरीच वर्षे बंद आहे. २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाल्यावर ज्या कारखान्यांना नवी यंत्रे बसवणे परवडले नाही, त्यांपैकी ती एक. विटांच्या जाड भिंती, छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, सिमेंटचे पत्रे, वजनकाटा आणि ट्रक वळेल एवढे आवार तिथे आहे. मालक ती ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायला तयार आहेत. नवे बांधकाम करण्यापेक्षा हे स्वस्त पडेल, असे बहुतेक संचालकांचे मत आहे. पैसा सभासदांच्या भागभांडवलाचा असल्याने होकार देण्यापूर्वी काय तपासावे, हे जाणकारांनी सांगावे, अशी विनंती आहे.

उत्तर : निवृत्त स्थापत्य अभियंता, अकोला

भिंती आणि कैच्या पाहून निर्णय घेऊ नका. आधी जमीन पाहा. जुन्या जिनिंगमध्ये रेच्यांच्या (सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या) ओळीखाली भुयारी गाळा असतो आणि त्यातून सर्व यंत्रे फिरवणारा मुख्य शाफ्ट जात असे. यंत्रे निघाली की वरून फरशी किंवा पातळ काँक्रीट टाकून तो झाकला जातो आणि पुढे कोणाच्या लक्षातही राहत नाही. सुटी रुई हलकी असते, पण धान्याच्या पोत्यांची १५ थरांची थप्पी दर चौरस मीटरवर दीड टनाच्या आसपास भार टाकते. तेव्हा संपूर्ण जमीन ठोकून पाहा, पोकळ आवाज येईल तिथे उकरा आणि गाळा सापडल्यास तो मुरमाने थराथराने, पाणी मारून व धुमस करून भरून घ्या. त्यावर ओल अडवणारा जाड प्लास्टिकचा थर आणि मग काँक्रीट, असा क्रम ठेवावा. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून जोत्याभोवतीची नाली आणि छपराच्या पाण्याचा निचरा यांवरचा खर्च कधीही कापू नये.

पत्र्यांबद्दल विशेष काळजी घ्यावी. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि ते फोडताना उडणारी धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. ते ओले करून, न फोडता, अखंड उतरवावेत. तुकडे भरावात टाकू नयेत. हे काम करणाऱ्या मजुरांना योग्य मुखपट्टी देणे ही कंपनीची जबाबदारी आहे, आणि ठेकेदाराच्या करारात ती लिहूनच घ्यावी.

उत्तर : गोदाम व्यवस्थापक, लातूर

वरील मुद्द्यांशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात एवढीच भर घालतो की कापसाची इमारत आणि धान्याची इमारत यांची गरजच उलटी असते. जिनिंगमध्ये रुईचा भुरका बाहेर जावा म्हणून खिडक्या आणि झरोके मुबलक ठेवतात, तर धान्याच्या गोदामात हवा आपल्या इच्छेने आत घेता आली पाहिजे आणि इच्छेनेच बंद करता आली पाहिजे. प्रत्येक झरोक्याला जाळी आणि घट्ट बसणारी झडप हवी. तुरीतला भुंगेरा बहुधा शेतातूनच शेंगेबरोबर येतो, त्यामुळे धुरीकरण (विषारी वायूने कीड मारणे) टाळता येत नाही. इमारत पुरेशी बंद होत नसेल, तर प्रत्येक थप्पी वायुरोधक ताडपत्रीने झाकून ते प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे.

सोयाबीन १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्याने आत घेऊ नये, कारण तेलाचा अंश असलेला हा दाणा ओला राहिला की आतून तापतो. बियाण्याचे सोयाबीन असेल, तर थप्पी आणखी कमी उंचीची ठेवावी; त्याचे आवरण नाजूक असते आणि दाबाने उगवणशक्ती जाते. आवारात सरकीचे जुने ढीग राहिले असतील, तर ते हंगामापूर्वी हटवावेत, कारण गुलाबी बोंडअळी सरकीत सुप्तावस्थेत राहते आणि तिचे पतंग तुमच्याच सभासदांच्या कपाशीवर जातील.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. भुयारी गाळ्याचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नव्हता. कर्ज आणि कागदपत्रांविषयीही मार्गदर्शन मिळाले तर बरे होईल.

उत्तर : शेतमाल तारण कर्जाच्या कामाशी संबंधित, नागपूर

कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर जास्तीत जास्त ७ वर्षे व्याजात ३ टक्के सवलत मिळते. जुन्या वास्तूची दुरुस्ती आणि नवे बांधकाम यांचा खर्च वेगवेगळा मांडून, त्यातले काय ग्राह्य धरले जाईल, हे बँकेकडून आधीच लेखी घ्यावे. माझ्या मते याहून महत्त्वाची आहे ती गोदाम विकास व नियामक प्राधिकरणाकडील नोंदणी. ती असेल, तरच सभासदाला गोदामात ठेवलेल्या मालाची इलेक्ट्रॉनिक वखार पावती मिळेल आणि तिच्यावर बँकेकडून कर्ज उचलून त्याला चांगल्या भावाची वाट पाहता येईल. आपला मूळ हेतू हाच असल्याने नोंदणीचे निकष आधी वाचावेत आणि त्यानुसारच अभियंत्याकडून आराखडा करून घ्यावा. विमा आणि अग्निशमन व्यवस्थेचाही विचार त्याच वेळी होईल.

कागदपत्रांत सातबारा, अकृषिक परवानगी, वीजबिलाची थकबाकी, जुन्या कामगारांची देणी आणि बँकेचा बोजा हे सारे तपासावे. बंद कारखान्यांच्या जमिनी अनेकदा गहाण असतात, आणि तसे असल्यास धनको बँकेचे लेखी ना-हरकत पत्र मिळाल्याशिवाय भाडेपट्टा नोंदवू नये किंवा अनामतही देऊ नये.