‘एक्झॉन’चा नेमका अर्थ

प्रश्न: ‘एक्झॉन’ म्हणजे जनुकातला प्रथिनाचा संकेत असलेला भाग, असा अर्थ मी धरून चालले होते. पण एका लेखात ‘नॉन-कोडिंग एक्झॉन’ असा शब्दप्रयोग वाचला. जो संकेतच देत नाही त्याला एक्झॉन कसं म्हणायचं? की लिहिणाऱ्याचं चुकलं आहे?

उत्तर: लेखकाचं बरोबर आहे, तुम्ही धरलेला अर्थ मात्र अपुरा आहे. पाठ्यपुस्तकांतही तो असाच दिलेला सापडतो आणि त्यातून पुढे बराच घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना अडेनोव्हायरसची जनुकं तुकड्यातुकड्यांत विभागलेली दिसली. जनुकावरून आधी सलग आरएनए (जनुकाची नक्कल) तयार होतो, मग त्यातले मधले भाग कापून टाकले जातात आणि उरलेले जोडले जातात. या जोडणीला स्प्लायसिंग म्हणतात. कापून टाकल्या जाणाऱ्या भागांना ‘इंट्रॉन’ आणि राहणाऱ्यांना ‘एक्झॉन’ ही नावं वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये सुचवली. म्हणजे एक्झॉनची कसोटी एकच: स्प्लायसिंगनंतर तो भाग आरएनएमध्ये राहिला का? त्यातून प्रथिन बनतं की नाही, हा निराळा प्रश्न आहे.

माणसाचं इन्शुलिनचं जनुक घ्या. त्यात तीन एक्झॉन आहेत. पहिल्यात प्रथिनाचा संकेत अजिबात नाही. दुसऱ्यात तो मध्येच सुरू होतो आणि तिसऱ्यात, एक्झॉन संपण्याआधीच, थांबतो. तरीही एक्झॉन तिन्हीच. एक्स गुणसूत्रावरच्या ‘एक्सआयएसटी’ जनुकापासून तर प्रथिन बनतच नाही, त्याचा आरएनएच काम करतो. पण एक्झॉन त्यालाही आहेत. त्यामुळे फक्त प्रथिनाच्या संकेताबद्दल बोलायचं असेल तर ‘संकेत देणारा भाग’ असं स्पष्ट लिहावं, तिथे ‘एक्झॉन’ वापरू नये.

प्रश्न: मग ‘एक्झॉन स्किपिंग’ या उपचारपद्धतीत नक्की काय वगळतात? डीएनए कापतात का?

उत्तर: नाही, डीएनए जसाच्या तसा राहतो. आरएनएवरची एक्झॉन ओळखण्याची जागा औषधाने झाकली जाते, त्यामुळे स्प्लायसिंगच्या वेळी तो सुटतो. ड्युशेन स्नायुविकारातलं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. या विकारात बिघडलेल्या डिस्ट्रॉफिन जनुकात ७९ एक्झॉन आहेत. त्यातला ५० क्रमांकाचा १०९ अक्षरांचा (म्हणजे डीएनएच्या घटकांचा) आहे. संकेत तीन-तीन अक्षरांत वाचला जातो आणि १०९ ला ३ ने भाग जात नाही. त्यामुळे रुग्णाच्या जनुकातून हा एक्झॉन गळाला की पुढचं सगळं वाचन बिघडतं. अशा वेळी २३३ अक्षरांचा ५१ वा एक्झॉनही वगळला, तर एकूण ३४२ अक्षरं कमी होतात. ३४२ ला ३ ने भाग जातो, वाचन पुन्हा जुळतं आणि थोडं आखूड, पण काही प्रमाणात काम करणारं प्रथिन बनू शकतं. एटेप्लिर्सेन हे औषध याच तत्त्वावर बेतलेलं आहे.

वापराबद्दल दोन गोष्टी. मराठीत हा शब्द पुल्लिंगी चालवतात आणि अनेकवचनात तसाच ठेवतात: ‘एक एक्झॉन गळाला’, ‘तीन एक्झॉन जोडले गेले’. ‘एक्झोम’ मात्र वेगळा शब्द आहे. सगळ्या जनुकांतल्या एक्झॉनांचा मिळून एक्झोम, म्हणून ‘या जनुकाचा एक्झोम’ असं लिहू नये.